कणगीचे बेवारस राखणदार

दसरा उलटला की पेण आणि रोहा तालुक्यांतील खाचरे पिवळी पडू लागतात. कापणी होते, भारे खळ्यावर येतात, झोडणी उरकते आणि दिवाळीच्या आगेमागे वर्षभराचे भात घरात पडते. नेमक्या याच सुमारास शेतातील उंदीरही घराकडे वळतात. उभे पीक गेले आणि लपण्याची जागाही गेली, तेव्हा त्यांनी धान्याचा माग काढावा यात नवल ते काय? शेतावरच्या वाड्यात, पेंढ्याच्या उडवीखाली, घराच्या माळ्यावर त्यांचा संसार थाटला जातो. आणि त्यांच्यामागून येतात ती मांजरे.

ही मांजरे कोणाचीच नसतात. घरातली मनी चुलीपाशी निजते, हाक मारली की येते. वाड्यावरच्या मांजरांना नाव नसते आणि हाकेचा अर्थही ठाऊक नसतो. माणूस दिसला की ती पेंढ्यात दडतात, गोठ्याच्या आढ्यावरून टक लावून पाहतात, आणि पाठ वळली की ताटलीतले खाऊन जातात. अनेकांना हा त्यांचा स्वभावदोष वाटतो. वस्तुतः जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला तरच ते माणसाळते. हा काळ माळ्यावर वा उडवीत आईजवळच गेला, तर ते जन्मभर माणसापासून अंतर राखून राहते. ‘मांजर पिल्लांना सात घरे फिरवते’ असे आपल्याकडे म्हणतात. धोका जाणवला की ती पिल्ले तोंडात धरून जागा बदलते, हे त्यातील सत्य. परिणामी वाड्यावरची पिल्ले बहुधा माणसाच्या नजरेलाही पडत नाहीत, मग हात लागणे दूरच. अशा प्रौढ मांजराला पकडून कुरवाळण्याचा आग्रह धरणे हा त्याचा छळच होय.

मांजर आणि कोठार यांचे नाते मात्र फार जुने आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले, असा माणूस-मांजर सहवासाचा आरंभ अभ्यासक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाय-बैलाला माणसाने दावणीला बांधले. मांजर मात्र आपल्या सोयीने आले व आपल्या सोयीने राहिले. पेणच्या एखाद्या वाड्यावरील मांजर आजही त्याच करारावर नांदते आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. (त्याच पेणमध्ये गणेशमूर्तींबरोबर मातीचे असंख्य मूषक दरवर्षी घडवले जातात, ही गंमत वेगळी.)

या कराराची दुसरी बाजू, म्हणजे माणसाने काय द्यायचे ही, बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ‘वाड्यावरचे मांजर आहे, उंदीर खाऊन जगेल’ हा समज शेतकऱ्यांत जितका आहे, तितकाच आठवड्याच्या अखेरीस शेतघरावर येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींतही आहे. तो मांजराच्या जिवावर बेतणारा आहेच, शिवाय उंदरांच्या बंदोबस्ताच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

आधी उंदरांविषयी. भातशेतीत निरनिराळ्या आकारांचे आणि सवयींचे उंदीर असतात. बांधांवर बिळे करणारा लहान घुशीसारखा उंदीर भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवतो. घरात येणारा काळा उंदीर चढण्यात पटाईत असून माळा आणि आढे हे त्याचे राज्य. थोरली घूस ओट्याखाली आणि मोऱ्यांच्या कडेला बोगदे करते. पेणच्या खारेपाटात उधाणाचे पाणी रोखणाऱ्या मातीच्या बांधांना बीळ म्हणजे संकटच. बांधाला भगदाड पडून खारे पाणी शेतात शिरले, तर ती जमीन पुन्हा पिकाखाली येण्यास काही पावसाळे जावे लागतात. कापणीनंतर बांधावरची बिळे उकरून उंदीर धरणे आणि बिळातले भात काढणे हे कातकरी समाजाचे परंपरागत कौशल्य. त्याचा उल्लेख मागासलेपणाची खूण म्हणून करणाऱ्यांनी, त्यातून शेतकऱ्याचे किती काम फुकटात होत आले आहे, याचाही विचार करावा.

नासाडी केवळ खाल्ल्या धान्याची नसते. उंदराच्या लघवीने दूषित झालेले पाणी आणि चिखल यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कोकणच्या पावसाळ्यात, गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. उंदरांच्या मागावर नाग आणि घोणसही घराजवळ येतात. मांजर असले की साप फिरकत नाही, ही समजूत गावोगाव आहे. मांजर सापाला हुसकावते असा तिचा अर्थ घेण्यापेक्षा, भक्ष्य कमी झाले की सापाला येण्याचे कारण उरत नाही, असा घेणे अधिक बरे. सापाशी झटापट करणारे मांजर दंशाने मरतेही.

मग मांजर उंदरांचा बंदोबस्त करते की नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सरळ देता येत नाही. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतघरांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. उंदरांनी आधीच बुजबुजलेली जागा मांजरे साफ करू शकत नाहीत. मात्र सापळे वा अन्य उपायांनी ती एकदा मोकळी केली, तर पुन्हा उंदीर वसू न देण्याचे काम ती उत्तम करतात. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे होते. ज्या शेतांवर मांजरांना दुधाची जोड मिळत होती, तेथे ती घराजवळ टिकून राहिली. न दिल्यास ती अन्नाच्या शोधात दूर पांगतात आणि कोठार राखणीवाचून पडते.

न्यूयॉर्कमधील एका कचरा-प्रक्रिया केंद्रातील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याला पूरकच आहे. तेथे ७९ दिवसांच्या चित्रीकरणात मांजरांनी उंदीर मारल्याच्या अवघ्या २ घटना टिपल्या गेल्या. मोठा, लढाऊ उंदीर मांजर शक्यतो टाळते. मात्र मांजरांचा वावर असलेल्या दिवशी उंदीर उघड्यावर कमी आले. हे आपल्याकडच्या घुशीलाही लागू पडते. पाऊण-एक किलोच्या घुशीवर अडीच-तीन किलोचे मांजर झडप घालील ही अपेक्षाच गैर. छोटे उंदीर, काळ्या उंदरांची पिल्ले आणि माळ्यावर नव्याने घर करू पाहणारी जोडी हे मांजराचे खरे कार्यक्षेत्र. घुशीसाठी सापळा, बिळे बुजवणे आणि धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवणे, हेच मार्ग. पूर्वी भात शेणाने सारवलेल्या कणगीत राही, आता पोती आणि प्लास्टिकची पिंपे आली. पोते उंदराला अडवत नाही. ज्या घरात पोती जमिनीवर भिंतीला टेकून रचलेली आहेत, तेथे दहा मांजरेही अपुरी पडतील.

उपाशी मांजर अधिक शिकार करते हा समज तर पुरता मोडीत काढायला हवा. मांजराची शिकारीची प्रेरणा आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या शेपटीवर झेप घेते. उलट, केवळ शिकारीवर जगायचे तर मध्यम मांजराला दिवसाला सात-आठ छोटे उंदीर हवेत. ते रोज मिळत नाहीत. अशक्त मांजर आधी जंताला, मग आजाराला बळी पडते. दूध पाजणारी भाटी, म्हणजे मादी, उपाशी राहिली तर तिची पिल्लेही जगत नाहीत.

काय खायला घालावे, याबाबत आपली परंपरा दूधभातावर थांबते. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. बहुतेक प्रौढ मांजरांना दूधही नीट पचत नाही. पेण-रोह्याच्या बाजारात मासळीला तोटा नाही. मासळीची डोकी आणि टाकाऊ भाग उकडून, काटे काढून भातात कालवले, अधूनमधून अंडे वा कोंबडीचे काळीज दिले, तर खर्च फारसा येत नाही. खारवलेली सुकी मासळी द्यायचीच तर भिजवून, मीठ काढून थोडी द्यावी. अन्न सकाळी, ठरलेल्या जागी आणि तासाभरात संपेल इतकेच ठेवावे. रात्री उरलेले अन्न उंदरांना, भटक्या कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना आमंत्रण देते. डोंगराकडेच्या गावांत त्या कुत्र्यांमागून बिबट्याही येतो. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवण्याची जुनी युक्ती येथे कामी येते. पाण्याचे भांडे मात्र अन्नापासून थोडे दूर असावे. मांजरे तेथे अधिक पाणी पितात.

कोकणच्या पावसात निवाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जमिनीवरची जागा जून ते सप्टेंबर ओलीच राहते. माळ्यावर वा गोठ्याच्या फळीवर, दोन बाजूंनी वाट असलेले लाकडी खोके आणि त्यात कोरडा पेंढा एवढे पुरते. गोधडी ओल धरते, पेंढा तितकी धरत नाही. तो दर आठ-पंधरा दिवसांनी बदलावा.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे, म्हणजे संख्येकडे वळले पाहिजे. भाटी पाचव्या-सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा. वर्षाला दोन विणी आणि प्रत्येकीत तीन-चार पिल्ले धरली, तर दोन भाट्या असलेल्या वाड्यावर वर्षअखेर किती मांजरे व्हावीत, याचा हिशेब कोणालाही करता येईल. प्रत्यक्षात तितकी होत नाहीत. बेवारस मांजरांची निम्म्याहून अधिक पिल्ले सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मरतात, असे अभ्यासांत दिसले आहे. निसर्ग संतुलन राखतो, असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे संतुलन कसे राखले जाते, ते एकदा उडवीमागे जाऊन पाहावे.

उरलेल्यांची वाट माणूस लावतो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी श्रद्धा महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे. तिने हत्येला आवर घातला खरा, पण पळवाटही दिली. मांजरे पोत्यात घालून नदीपलीकडे, बाजारात वा मासळीच्या ओट्यांपाशी सोडून येणे, हा तो सर्वमान्य तोडगा. पाप लागत नाही आणि त्रासही जातो. प्रत्यक्षात त्रासही जात नाही. अन्न आणि आसरा जिथल्या तिथे असला की रिकाम्या जागी महिना-दोन महिन्यांत शेजारचे बोके आणि नव्या भाट्या येऊन बसतात, त्याही प्रजननक्षम. सोडलेले मांजर अनोळखी मुलखात कुत्र्यांच्या वा वाहनांच्या तोंडी जाते. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे, हे पोते उचलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

यावर टिकाऊ उपाय एकच, तो म्हणजे निर्बीजीकरण करून मांजर त्याच जागी परत सोडणे. शस्त्रक्रिया झालेला बोका भटकणे आणि मारामाऱ्या कमी करतो. भाटी सततच्या विणीतून सुटते आणि दोघांचेही वजन व आयुष्य वाढते. उंदीर धरण्याची वृत्ती यामुळे जात नाही. ‘शस्त्रक्रियेने मांजर आळशी होते’ ही तक्रार बहुधा वाड्यावरच्या मांजराविषयी नसून सोफ्यावरच्या मांजराविषयी असते.

काम वाटते तितके अवघड नाही, मात्र त्याला शिस्त लागते. आधी आठवडाभर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अन्न द्यावे आणि मांजरे मोजावीत. त्याच जागी उघडा पिंजरा ठेवून त्यातच खायला घालावे, म्हणजे भीती मोडते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पिंजरा लावावा. मांजर आत आल्याबरोबर तो जाड कापडाने झाकावा, कारण अंधारात मांजर शांत राहते. पकडलेल्या भाटीचे सड फुगलेले असतील तर जवळपास पिल्ले आहेत असे समजून तिला सोडून द्यावे व पिल्ले सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर पुन्हा धरावे. भुलीखाली असतानाच रेबीजची लस टोचून घ्यावी आणि डाव्या कानाचे टोक किंचित कापून घ्यावे. ही जगभर चालणारी खूण असून तिच्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. बोक्याला साधारण एक दिवस आणि भाटीला दोन-तीन दिवस पिंजऱ्यात ठेवून, जखम पाहून, पकडले त्याच जागी सोडावे.

अडचण येते ती डॉक्टरांची. तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर साहजिकच गाई-म्हशी-शेळ्यांवर असतो. मांजराच्या शस्त्रक्रियेची सोय आहे की नाही, हे आधी विचारावे. नसल्यास पनवेल वा नवी मुंबईतील खासगी पशुवैद्य गाठावे लागतात. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या जुन्या संस्था मुंबईत आहेत, परंतु घाबरलेल्या मांजराला घेऊन पेणहून परळ गाठणे हा शेवटचा पर्याय. चार-पाच शेतघरांनी मिळून एका दिवसासाठी पशुवैद्याला बोलावले, तर खर्च आणि धावपळ दोन्ही वाटली जाते. अशा कामी शेजाऱ्यांत एकमत होणे ही शस्त्रक्रियेपेक्षा कठीण गोष्ट, हे मान्य करूनही.

दुसरीकडे, राखणदार ठेवायचा आणि त्याच घरात विषही पेरायचे, हा प्रकार सर्रास दिसतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावून उघड्यावर फिरतो आणि मांजराच्या सहज हाती लागतो. त्याच्या शरीरातील विष मग मांजराच्या रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. असे उंदीर गव्हाणी घुबडाच्याही पोटात जातात. ज्या पक्ष्याचे नावच गव्हाणीवरून पडले, त्याला त्याच गव्हाणीतल्या विषाने मारणे हा केवढा विपर्यास! झिंक फॉस्फाईड पोटात विषारी वायू निर्माण करते आणि ते मिसळलेले आमिष मांजराने थेट खाल्ले तर वाचणे दुरापास्त. उंदरांचा उपद्रव हाताबाहेर गेला असेल, तर रोह्याजवळील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्राचा वा तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घेऊन संपूर्ण शिवारात एकाच वेळी मोहीम करावी. आमिष बिळाच्या आत घालून तोंड बुजवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. जाणूनबुजून मांजराला विष घालणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरू शकणारा गुन्हा.

औषधांच्या बाबतीतही माणसाचा न्याय मांजराला लावू नये. तापासाठी दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी असते. गुरांच्या गोचिडांवर फवारण्याची पायरेथ्रॉइड गटातील औषधे आणि गोठा धुण्याचे फिनेल यांचेही तसेच. मांजर ओल्या जमिनीवरून चालते, मग पंजे चाटते. गोठा धुतला की साध्या पाण्याने पुन्हा खळखळून घ्यावा.

माणसांनीही थोडी काळजी घेणे इष्ट. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. ‘मांजरच तर आहे’ म्हणून रेबीजच्या लशीत चालढकल करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने मांजराची घाण काढू नये आणि वाफ्यातील मातीत काम करून हात नीट धुवावेत. उघड्यावर वाळत घातलेले भात आणि वाल यांवर मांजर बसू न देणे, ही आजीची शिस्त शास्त्राला धरूनच होती.

संख्येला मर्यादा हवी, याचे आणखी एक कारण रानाच्या कडेला दिसते. रोहा आणि मुरूड तालुक्यांत फणसाड अभयारण्य आहे. पेणपासून कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्यही दूर नाही. मांजराला उंदीर आणि बुलबुल यांत भेद कळत नाही. गावातील मांजरांचे काही रोग रानमांजरांनाही होऊ शकतात. एखाद-दोन एकरांच्या शेतघराला दोन-तीन, लसीकरण व शस्त्रक्रिया झालेली मांजरे पुष्कळ झाली. पंधरा उपाशी मांजरे उंदरांपेक्षा सरडे, पक्षी आणि शेजाऱ्याच्या कोंबडीची पिल्लेच अधिक संपवतात. मग पोते निघते किंवा विष.

शेवटचा मुद्दा शहरातून येणाऱ्यांचा. मुंबई-ठाण्याच्या गृहसंस्थांत मांजरांवरून वाद पेटला, की ‘आमच्या पेणच्या फार्मवर सोडू’ असा उदार प्रस्ताव कोणीतरी मांडतो. शहरात जन्मलेले प्रौढ मांजर अनोळखी रानात मोकळे सोडले तर बहुतेकदा त्याच रात्री नाहीसे होते. न्यायचेच असेल, तर तेथे रोज अन्न घालणारा माणूस आधी ठरवावा. मांजराला पहिले तीन-चार आठवडे बंदिस्त खोलीत वा मोठ्या पिंजऱ्यात ठेवून त्या जागेचा वास, आवाज आणि जेवणाची वेळ अंगवळणी पडू द्यावी व मगच दार उघडावे. शनिवार-रविवारी कोंबडी-मासळीची मेजवानी आणि सोमवार ते शुक्रवार कडकडीत उपास, हीही शेतघरांवरची नेहमीची रीत. अन्नाच्या आशेने मांजरे जमतात, वितात आणि पाच दिवस शेजारच्या शेतकऱ्याच्या चुलीवर धाड घालतात. राखणदाराच्या पगारात मांजरांच्या मासळीचे पैसे वेगळे धरणे, एवढे तरी जमावे.

हे सारे हाती घ्यायला योग्य काळ भात घरात आल्यानंतरचा. दिवस मोठे होऊ लागले की भाट्या माजावर येतात. संक्रांतीनंतर रात्री माळ्यावर बोक्यांचे भांडण ऐकू येऊ लागले, की पुढची पिल्ले साधारण दोन महिन्यांवर आली असे समजावे. तेव्हा मोजणी आणि पिंजऱ्याची सवय कार्तिकात व शस्त्रक्रिया मार्गशीर्ष-पौषात उरकल्या, तर वालाच्या शेंगा भरेपर्यंत मांजरे बरी होऊन पुन्हा उडवीवर बसलेली असतात.